बाळाची लस अर्धवट राहते ती कुठे? या चुका टाळा

लसीला उघड नकार देणारे आईबाप आपल्याकडे थोडेच. बाळ जन्मलं की दवाखान्यातच बीसीजी, म्हणजे क्षयाची (टीबीची) लस, टोचून होते, त्यावर कुणाची तक्रार नसते. घोडं अडतं ते पुढे, दीड महिन्याला.

पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, टोचली की रात्री अंग तापतं, मांडी सुजते, बाळ किरकिर करतं. घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘चांगलं हसतंखेळतं पोर आजारी पाडलं.’ मग अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस राहतात ते राहतातच. हा ताप मुख्यतः लसीतल्या डांग्या खोकल्याच्या घटकामुळे येतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. सिस्टरने सांगितलेल्या मापानेच पॅरासिटामॉल द्या, टोचलेली जागा चोळू किंवा शेकू नका, अंगावरचं दूध चालू ठेवा. बाळ तीन तासांहून जास्त एकसारखं रडत राहिलं, झटका आला किंवा मलूल पडलं, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे न्या. पुढच्या डोसाआधी ही गोष्ट सिस्टरच्या कानावरही घाला.

बीसीजीचा फोड काही आठवड्यांनी डाव्या दंडावर येतो, फुटतो, खपली धरतो. तो यायचाच असतो. त्यावर हळद नको, मलम नको.

‘सर्दी आहे, पुढच्या वेळी आणू’ हेही नेहमीचंच. सर्दी, खोकला, अंग थोडं कोमट असणं, ही लस टाळायची कारणं नव्हेत. टाळायची की नाही ते सिस्टरला ठरवू द्या, बाळाला घेऊन जा तर खरं.

डोस चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, असा समज आहे. तसं नसतं, जिथे राहिलं तिथून पुढे चालू. खरं तर बरेच जण सिस्टर ओरडतील म्हणूनच जात नाहीत. ओरडल्या तर ऐकून घ्या. ऊसतोडीला किंवा कामाला परगावी जाताना लसीकरणाचं कार्ड सोबत न्या, तिथल्या सरकारी केंद्रातही लस फुकट मिळते. कार्ड हरवलं असलं तरी जा.

पल्स पोलिओचे थेंब पाजले म्हणजे लसीकरण झालं, हा आणखी एक गैरसमज. ते थेंब फक्त पोलिओचे.

आणि गोवर. ‘सगळ्यांनाच येतो, अंगावर निघून गेला की बरं’ असं म्हणणारी माणसं अजून आहेत. 2022 मध्ये मुंबईत गोवंडीसह अनेक भागांत गोवराची साथ आली, त्यात मुलं दगावली. गोवरातून न्यूमोनिया होतो, क्वचित मेंदूला सूज येते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. विसरला जातो तो दुसरा, कारण तोवर पोर धावायला लागलेलं असतं आणि कार्ड कपाटात गेलेलं असतं. त्याच वेळी डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, म्हणजे आधीच्या डोसांचा जोर टिकवणारा डोसही असतो. त्यानंतरचा बूस्टर पाच ते सहा वर्षांच्या वयात, म्हणजे शाळेत नाव घालायच्या सुमारास.