गोणी उतरवताना घाई नको
शेतात डवरणी (पिकाच्या ओळींमधली कोळपणी), वेचणी वर्षानुवर्षे करूनही दंड-मांड्यांची ताकद एका मर्यादेपुढे वाढत नाही, कारण स्नायू नेहमीच्या भाराला सरावतो आणि वाढत्या ताणाशिवाय त्याचे तंतू जाड होत नाहीत. म्हणून लहान गोणीत थोडी तूर भरून, पाठ ताठ ठेवून व गुडघ्यांत वाकून ती 8 ते 12 वेळा उचलावी. शेवटच्या एक-दोन वेळा जड गेल्या, तर भार योग्य समजावा आणि त्या सहज होऊ लागल्या की किलोभर तूर वाढवावी. खाली ठेवताना मात्र 3 सेकंद घ्यावेत (एरवी आपण ती धपकन टाकतोच), कारण ताणला जात असताना स्नायू अधिक भार पेलतो. सुरुवातीचे दुखणे 2-3 दिवसांत ओसरते. तोवर त्याच स्नायूंना पुन्हा जुंपू नये आणि प्रथिनांसाठी ताटात वरण, चणे किंवा अंडी असावीत.