मिग-२१चा स्केल मॉडेल किट पारखताना या चुका टाळा

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले. मराठी मॉडेलकारांना हे विमान विशेष जवळचे आहे, कारण त्याचे एफएल, एम आणि बिस हे प्रकार नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधले गेले. आता हे विमान आकाशात दिसणार नाही, निदान त्याची नेमकी प्रतिकृती घरात असावी, असे ज्यांना मनापासून वाटते त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. अशा खरेदीत पैसे वाया जातात ते बहुधा त्याच त्या चुकांमुळे.

खोक्यावरच्या चित्रावर विसंबणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मिग-२१ या एका नावाखाली अनेक वेगवेगळी विमाने येतात. एफएलची पाठ सडपातळ असते, त्याची कॅनॉपी (वैमानिकावरचे पारदर्शक झाकण) समोरच्या काचेसह एकसंध असून पुढच्या बिजागरीवर उघडते आणि त्याच्या पोटात अंगभूत तोफ नसते. बिसची समोरची काच स्थिर असते, कॅनॉपी बाजूला उघडते, २३ मिमीची जोडनळी तोफ पोटाखाली बसवलेली असते आणि पाठीचा उंचवटा भरदार असतो. किटमध्ये तिरंगी चक्रांचे डेकल (चिकटवायच्या छापील खुणा) आहेत एवढ्यावरून आतले प्लास्टिक भारतीय विमानाचे ठरत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका जुन्या किटवर ‘बिस’ असे ठळक छापलेले होते. फ्यूजलाजचे (विमानाच्या धडाचे) दोन्ही अर्धे भाग मास्किंग टेपने जोडून मी ते खिडकीच्या उजेडात आडवे धरले, तेव्हा पाठीची रेषा कॅनॉपीमागून निघून शेपटीकडे निमुळती होत गेलेली स्पष्ट दिसली. बिसची पाठ शेपटीच्या पंखापर्यंत भरलेली राहते. आतले प्लास्टिक एमएफ या मिग-२१च्या दुसऱ्याच प्रकाराचे होते. तेव्हापासून विक्रेत्याकडून स्प्रूचे (सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटींचे) फोटो मिळाल्याखेरीज मी पैसे देत नाही, आणि तोच सल्ला इतरांनाही देईन.

नॅट या लहान लढाऊ विमानाच्या बाबतीत हीच चूक आणखी सहज होते. रेड अ‍ॅरोज या ब्रिटिश हवाई कसरती पथकाच्या रंगातला, बाजारात सर्रास मिळणारा किट दोन आसनी प्रशिक्षण विमानाचा असतो, तर १९६५ आणि १९७१च्या युद्धांत लढलेले आपले नॅट एक आसनी आणि अंगाने लहान होते. नुसत्या पंखांच्या पसाऱ्यातच १/७२ स्केलला (मूळ विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मापात) सुमारे ८ मिमीचा फरक पडतो. फ्यूजलाज आणि शेपटीही वेगळी असल्यामुळे घासकाम करून हा फरक भरून निघत नाही.

चुकीचे माप घेणे

मिग-२१च्या पंखांचा पसारा ७.१५४ मीटर आहे. म्हणजे १/७२ स्केलला तो ९९.४ मिमी आणि १/४८ला १४९ मिमी यायला हवा. गोंद न लावता पंख फ्यूजलाजला जोडून व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या सरकत्या पट्टीने) टोकापासून टोकापर्यंत माप घ्यावे. सुटा पंख मोजून दुप्पट केल्यास मधल्या फ्यूजलाजची रुंदी हिशेबातून सुटते. लांबीच्या आकड्यांवर मात्र लगेच भरवसा ठेवू नये, कारण नाकापुढची, वेग मोजणारी लांब पिटोट नळी धरली आहे की सोडली आहे, यावर पुस्तकांतले आकडे बदलतात.

आराखडा छापून त्यावर भाग ठेवून पाहणाऱ्यांनी आधी त्या आराखड्यावरचा पंखांचा पसारा पट्टीने मोजावा. प्रिंटरने कागदात बसवण्यासाठी चित्र आकसले असेल, तर बिचारा निर्दोष किटसुद्धा मोठा ठरतो. मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोवरून नाकाचा आकार ठरवणेही तितकेच घातक आहे, कारण रुंद भिंगात पुढचा भाग फुगलेला दिसतो.

पसाऱ्यात एखाद्या मिलिमीटरचा फरक मी खपवून घेतो. पण नाकाच्या हवाद्वाराचे कडे जाड किंवा लंबगोल असेल, तर तो किट मी बाजूला ठेवतो. मिग-२१कडे पाहणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

बारीक रेषांना नेमकेपणा समजणे

पृष्ठभागावर कोरलेल्या रेषा आणि रिव्हेट पाहून किट अचूक आहे असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ०.३ मिमी रुंदीची खाच १/७२ स्केलला प्रत्यक्षातल्या २१.६ मिमी फटीएवढी होते. लढाऊ विमानाच्या पत्र्यांत एवढ्या फटी नसतात. तपशील सुबक असूनही मूळ आकार चुकू शकतो. एडुआर्ड या किट बनवणाऱ्या कंपनीचा २०१४ साली आलेला १/४८ स्केलचा मेसरश्मिट बीएफ १०९ जी-६ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाचा किट पृष्ठभागाच्या दृष्टीने देखणा होता, पण मापाने मोठा निघाला. कंपनीने ती चूक मान्य करून २०१६ साली नव्या साच्यांतून तो पुन्हा काढला, ही गोष्ट मला फार आदराची वाटते. जुन्या खोक्यांची खरेदी करताना मात्र हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

छापील किंमत म्हणजेच खर्च समजणे

खोक्यावरचे वर्ष हे साच्याचे वर्ष नसते. अनेक दशकांपूर्वीचा साचा नव्या चित्रासह पुन्हा विकला जातो, म्हणून स्केलमेट्स या संकेतस्थळासारख्या किटांच्या सूचीत साच्याची वंशावळ पाहून घ्यावी. स्वस्त जुन्या किटला पुट्टी, वेगळे डेकल, रेझिनचे आसन, कुरिअर आणि सीमाशुल्क यांची भर पडली, की नव्या साच्याचा किट कितीदा तरी स्वस्त पडतो. याउलट, एडुआर्डच्या ‘वीकेंड’ आवृत्तीत धातूचे कोरीव भाग आणि मास्क नसतात, पण प्लास्टिक ‘प्रोफीपॅक’ या महागड्या आवृत्तीतलेच असते. कॅनॉपी बंदच ठेवून आतला तपशील झाकायचा असेल, तर जादा पैसे देण्याचे कारण नाही.

चुकीचा किट घरात आलाच असेल तर

तो बिस म्हणून रेटू नये. एमएफचे प्लास्टिक हाती असेल, तर बाहेरून त्याच्याशी पुष्कळ जुळणारा भारतीय प्रकार एम, म्हणजेच टाइप ९६, त्यातून करता येतो. त्यासाठी आधी एका विशिष्ट क्रमांकाच्या विमानाचे दोन्ही बाजूंचे फोटो मिळवावेत, त्यांवरून अँटेना आणि पंखांखालचे पायलन (शस्त्रे टांगायचे आधार) तपासावेत आणि मगच डेकल मागवावेत.