‘रेल्वेवर राबवून मारलं’ म्हणतात, त्या पणजोबांचा माग कसा काढायचा

सिन्नर-निफाडकडच्या एखाद्या घरात ‘पणजोबा सिंगापूरला पकडले गेले, जपान्यांनी बर्माच्या रेल्वेवर राबवून मारलं’ एवढंच ठाऊक असेल, तर शोध रेल्वेपासून सुरू करू नका. थायलंडमधल्या नॉन्ग प्लाडुकपासून बर्मातल्या थान्ब्युझायातपर्यंतच्या या ४१५ किलोमीटरांवर राबलेले सुमारे ६०,००० युद्धकैदी मुख्यतः ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि डच होते. तिथले भारतीय बहुतांशी मलायाच्या रबरमळ्यांतले तमिळ मजूर. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूरला शरण गेलेल्या आणि आझाद हिंद सेनेत न गेलेल्या हजारो भारतीय सैनिकांना जहाजांत कोंबून ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या न्यू गिनी, न्यू ब्रिटन या बेटांकडे नेलं होतं.

आधी ट्रंक उघडा. सहा टोकांचा तारा, म्हणजे युद्धपदक, सापडलं तर मधल्या गोलातली अक्षरं भिंगाने वाचा. ‘पॅसिफिक स्टार’ची फीत हिरवी, मध्ये पिवळा पट्टा, कडा लाल, ‘बर्मा स्टार’ची गडद निळी, मध्ये रुंद लाल पट्टा. मलाया-सिंगापूरला लढलेल्यांना पॅसिफिक मिळाला. पदक चिंचेने घासू नका, कोरीव अक्षरं झिजतात. पदकापेक्षाही मोलाचा कागद म्हणजे सर्व्हिस नंबर आणि पलटण लिहिलेलं पेन्शनचं किंवा डिस्चार्जचं पुस्तक.

मग युद्धात मेलेल्यांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा, फुकट आहे. दुसरं महायुद्ध आणि भारतीय सेना निवडा. लोक इथेच अडकतात, कारण आडनाव पुष्कळदा नसतंच. नुसतं ‘धोंडू’ किंवा ‘रामा’. जाधवचं स्पेलिंग शेवटी व्ही, डब्ल्यू किंवा ओ घालून तिन्ही प्रकारे टाका. नाशिकचं स्पेलिंग एच घालून आणि जुन्या पद्धतीने एच वगळून, दोन्ही तपासा. नोंदीत वडील, गाव, तालुका दिलेला असेल तर नावापेक्षा त्यावर भरवसा ठेवा. १५ फेब्रुवारी १९४२ ही तारीख दिसली तर तो शरणागतीचा दिवस आहे; तोच मृत्यूदिन असं डोळे झाकून धरू नका.

नोंदीतल्या थडग्याचं किंवा स्मारकाचं स्थळ बघा. रबाऊल (न्यू ब्रिटन) किंवा लाए (न्यू गिनी) असेल तर रेल्वेची गोष्ट जवळपास निकालात निघाली. क्रांजीचं सिंगापूर स्मारक असेल तर थडगं सापडलेलं नाही एवढंच कळतं; रेल्वेवर मेलेल्यांचीही नावं तिथे आहेत, म्हणून पलटणीचा इतिहास पाहावा लागतो. दहन झालेल्यांसाठी तिथेच मागे वेगळं स्मारक आहे, जवळजवळ ८०० नावांचं.

पुढचा अर्ज पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे: मराठा लाइट इन्फन्ट्री असेल तर बेळगाव, बॉम्बे सॅपर्स (लष्करी अभियंते) असेल तर खडकी. नंबर, हुद्दा, गाव, नात्याचा पुरावा जोडा. पत्ता नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. नंबराशिवाय पाठवलेल्या अर्जातून सहसा काही निघत नाही.