कोलोनोस्कोपीची घरची तयारी

मोठ्या आतड्याची दुर्बीण, म्हणजेच कोलोनोस्कोपी, नीट होणार की नाही हे बरंचसं पेशंटच्या घरीच ठरतं. आतडं साफ नसेल तर कितीही भारी दुर्बिणीला मळच दिसतो. चार-पाच मिलिमीटरचा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची गाठीसारखी वाढ, त्याखाली सहज लपतो आणि सगळं पुन्हा करायची वेळ येते.

तयारी तीन दिवस आधी ताटापासून सुरू करा. चोथा, साल आणि बी बंद. नाशिककरांना हे जड जातं, कारण मिसळ पहिली जाते: मटकीची सालं आणि मिरचीचे तुकडे आतड्याच्या घड्यांत चिकटून बसतात. द्राक्षं, पेरू, अंजीर, टोमॅटो, बाजरीची भाकरी, पालेभाज्या, शेंगदाणे, तीळ, चिवडा हेही नको. दुर्बिणीतली ओढून घेण्याची नळी जेमतेम 3 ते 4 मिलिमीटरची असते, पेरूच्या बियांनी ती तुंबते. पांढरा भात, घोटलेलं वरण, इडली, साल काढून उकडलेला बटाटा, अंडं, मासे चालतात. एरवी नावं ठेवतात तो मैद्याचा पावही या तीन दिवसांत चालतो.

आदल्या दिवशी फक्त आरपार दिसेल असं पातळ घ्यायचं: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, डाळीवरचं निवळ पाणी. दूध आणि ताक नाही. कोकम, बीट, डाळिंब, काळ्या द्राक्षांचा रस तर अजिबात नको, आत तो रंग रक्तासारखा दिसतो.

औषधांचं आठवडाभर आधी विचारा. लोहाच्या गोळ्या साधारण 5 ते 7 दिवस आधी थांबवतात, कारण त्यांनी शौच काळी आणि चिकट होते आणि धुतली जात नाही. इसबगोलही बंद. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिनचा डोस उपाशीपोटी किती, हे लिहूनच घ्या. बीपीची गोळी बहुतेकांना सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात.

आता खरं काम. पेग पावडरचं, म्हणजे आतडं धुऊन काढणाऱ्या जुलाबाच्या औषधाचं, साधारण 137 ग्रॅमचं पाकीट 2 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचं. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर ते दोन भागांत प्यायचं. तपासणी सकाळी 10 ला असेल तर पहिला लिटर आदल्या संध्याकाळी 6 ते 8, दुसरा पहाटे 4 ते साडेपाच. सगळं आदल्या रात्रीच संपवलं तर पहाटेपर्यंत लहान आतड्यातला पिवळा चिकट द्रव खाली उतरतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला लेप देतो. म्हणून पहाटेचा लिटर टाळू नका. दर 10-15 मिनिटांनी एक पेला, साधारण 250 मिली. मळमळलं तर अर्धा तास थांबा आणि मग हळूहळू पुढे चला. गार करून प्यायलं की चव कमी लागते, पण निफाडच्या जानेवारीत दोन लिटर गार पाणी पोटात गेल्यावर हुडहुडी भरते. तेव्हा साधंच प्या. शेवटी लघवीसारखं पिवळसर, निवळ पाणी पडलं की झालं. पाणी गढूळ किंवा तपकिरी असेल तर आधीच फोन करून सांगा.

पेगऐवजी मिळणारी फॉस्फेटच्या जुलाबाची छोटी बाटली प्यायला सोपी असते, पण किडनीचा त्रास असणाऱ्यांना आणि वयस्करांना ती धोक्याची. मॅनिटॉल हे आणखी एक जुलाबाचं औषध घेतल्यावर आतड्यात पेट घेणारा वायू तयार होऊ शकतो. पॉलिप काढताना वीज वापरतात, त्यामुळे ते टाळलेलं बरं.

सुरगाणा, पेठ, कळवणकडून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच नाशिकला मुक्काम करावा. पहाटेचा लिटर पिऊन घाटातून एसटीने येणं म्हणजे निव्वळ छळ.

तपासणीत डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. गुंगीचं इंजेक्शन, मग साधारण 20 ते 40 मिनिटं. पॉलिप दिसला तर बहुधा त्याच वेळी काढतात. त्याचा खर्च वेगळा लागतो का, हे संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारा.

तुकडा तपासायला काढला, म्हणजे बायोप्सी घेतली, की बाटली बऱ्याचदा नातेवाइकाच्याच हातात देतात. तिच्यावर नाव, तारीख आणि तुकडा कुठला ते लिहिलंय का पाहा. पॅथॉलॉजीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रवात असतो, ते ओतून साधं पाणी भरू नका. क्षयाची शंका असेल आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) किंवा जीनएक्स्पर्ट (क्षयाच्या जंतूची जनुकीय तपासणी) सांगितलं असेल तर तो तुकडा सलाइनमध्येच जायला हवा. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चरमध्ये काहीच उगवत नाही.

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी शोधा. दुर्बीण ‘सीकम’पर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत गेली का, आणि बोस्टन स्कोर, म्हणजे आतड्याच्या सफाईचे गुण, किती. तो एकूण 9 पैकी असतो. मोठ्या आतड्याच्या उजव्या, मधल्या आणि डाव्या अशा तिन्ही भागांत प्रत्येकी 2 किंवा जास्त असेल तर सफाई पुरेशी. ‘पेडनक्युलेटेड’ म्हणजे देठावरचा पॉलिप, ‘सेसाइल’ म्हणजे बिनदेठाचा, बसका.

त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत माणूस हवाच. पोट फुगणं, वायू सरणं, बायोप्सीनंतर रक्ताचा थोडा डाग हे चालतं. पोट दगडासारखं कडक होऊन वाढत जाणारं दुखणं, ताप, रक्ताच्या गाठी पडणं, चक्कर यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. पॉलिप काढला असेल तर दोन आठवड्यांपर्यंत कधीही रक्त जाऊ शकतं, म्हणून डिस्चार्जच्या कागदावरचा रात्रीचा नंबर घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा.