घरात मिरचीचं बी रुजवताना पाणी किती घालायचं

मिरचीचं बी रुजायला वेळ लावतं, ८-१० दिवस तर सहज, थंडीत दोन-तीन आठवडेही लागतात, आणि नेमकं याच काळात लोक रोज पाणी ओततात आणि बी कुजवून टाकतात. बीला ओलावा हवाच, पण हवाही तेवढीच लागते, चिखलात ती मिळत नाही.

तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भिजवा, मुठीत घट्ट दाबून बघा, एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर अजून पिळा. खाली भोकं पाडलेल्या पेपर कपात ते हलकंच भरा, बी अर्धा सेंटीमीटर खोल टाका, वरून प्लास्टिक लावा आणि २५ ते ३० डिग्री राहील अशा उबदार जागी ठेवा. प्लास्टिकला आतून वाफ धरलेली दिसतेय ना, मग पाणी नको. वरचा थर फिका पडला तरच कप १०-१५ मिनिटं ताटलीतल्या पाण्यात ठेवायचा, वरून ओतलं की बी जागचं हलतं.

आणि प्लीज, उकरून बघू नका! पहिलं मूळ इतकं नाजूक असतं की तुटलं तर ते बी बहुतेक गेलंच.

कोंब दिसला की प्लास्टिक लगेच काढा आणि भरपूर उजेड द्या, नाहीतर बुरशीने देठ मातीलगत बारीक होऊन रोप आडवं पडतं. खरी पानं (कोंबाच्या पहिल्या दोन पानांनंतर येणारी) चार आली की कुंडीत हलवा, उचलताना पानाला धरा, देठाला नाही.