मृत्युपत्र करायला बसताय? मग हे आधी काढून ठेवा

आधार, पॅन, पासबुकं, एफडीच्या पावत्या, विम्याच्या पॉलिसी एका फाइलीत. हे सगळे करतातच, पुढे चला. घराचा करारनामा, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मात्र मूळ आहे का ते स्वतः डोळ्यांनी बघा. बहुतेक घरांत ते 'असेल कुठेतरी' असतं. शेतजमीन असेल तर ताजा सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी तलाठ्याकडे वारसनोंद, मग बाकीचं.

नावं जुळवून घ्या. सातबाऱ्यावर बबन, बँकेत बाळासाहेब आणि आधारवर भालचंद्र हा प्रकार घरोघरी आहे, शिवाय एखादी जुनी ठेव आईच्या माहेरच्या नावावर निघतेच. 'या सगळ्या नावांची व्यक्ती मीच' असं प्रतिज्ञापत्र माणूस हयात असताना अर्ध्या दिवसात करून देतो. तो गेल्यावर तेच सिद्ध करायला वारसांची दमछाक होते.

आता साक्षीदार. इथे घाई करू नका. भारतीय वारसा कायदा, १९२५ नुसार मृत्युपत्राला किमान दोन लागतात, हे वकील सांगतात. ते दोघे किती वयाचे असावेत हे कोणी सांगत नाही. वडिलांच्या मृत्युपत्राची सगळी धावपळ मी केली होती: पानोपान सह्या, डॉक्टरांचा दाखला, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी. साक्षीदार म्हणून वडिलांनी आपल्या बरोबरीचे दोन मित्र आणले आणि मी मान डोलावली. पुढे वडिलांच्या आधीच एक काका गेले, दुसऱ्यांना आपल्या मुलाचं नाव आठवेना. नातलगांपैकी एकाने हरकत घेतली, आणि साक्षीदाराची जुनी सही मिळावी म्हणून आम्ही त्यांच्या सुनेच्या दारात पेन्शनची कागदपत्रं मागत उभे राहिलो. कोर्टात मृत्युपत्र सिद्ध करायचं तर हयात असलेल्या आणि येऊ शकणाऱ्या एका तरी साक्षीदाराला उभं करावं लागतं. नोंदणी झालेली असली तरी. कोणीच नसेल तर हस्ताक्षर ओळखणारा शोधत बसा.

तेव्हा साक्षीदार तुमच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान हवेत. गावात टिकून राहणारे हवेत, परदेशी जायच्या तयारीतले नकोत. फॅमिली डॉक्टर तरुण असतील तर उत्तम, प्रकृतीचा दाखलाही तेच देतील. ज्याला वाटा मिळणार त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीदार करू नका, विनाकारण संशयाला जागा होते. मजकूर त्यांना वाचून दाखवायची गरज नाही, पण सही त्यांच्यासमोर करा. सहीखाली त्यांचं पूर्ण नाव, वय, पत्ता, फोन लिहून घ्या. नुसती सही नको. आणि पुन्हा सांगतो, वय बघा.

स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, पण करून टाका.

मजकुरात काय? पूर्वीची मृत्युपत्रं रद्द, हे पहिलं वाक्य. वडिलोपार्जित मिळकतीत फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, आणि हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगीही मुलाइतकीच सहहिस्सेदार आहे. 'ती लग्न होऊन गेली' हे काकांचं पालुपद ऐकू नका. दागिने नग आणि वजनासकट लिहा. 'दागिने दोघी सुनांना सारखे' असं लिहिलंत की पाटल्या कोणाला आणि मोहनमाळ कोणाला यावरून वर्षश्राद्धापर्यंत अबोला. ज्याला द्यायचं तो आधी गेला तर कोणाला, हे लिहा. शेवटी 'यात न आलेली उर्वरित मिळकत अमक्याला' ही ओळ हवीच, राहून गेलेली एखादी ठेव त्यात बसते. व्यवस्थापक, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करून देणारा, नेमा. तोही म्हातारा नको!

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेतल्या पैशाचं तसंच, आणि शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. सोसायटीतही नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सदस्य. विम्यात २०१५ पासून थोडं वेगळं आहे: नवरा-बायको, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसा सहसा त्यांचाच. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्रातलं नाव शक्यतो एकच ठेवा. बँकेत आता चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात.

गोव्यात घर असलेल्यांनी हे सगळं जसंच्या तसं लावू नये. तिथे सर्वसाधारणपणे अर्धी मिळकत जोडीदाराचीच असते आणि उरलेल्यातही अर्धा वाटा सक्तीच्या, म्हणजे मृत्युपत्राने सहसा डावलता न येणाऱ्या, वारसांसाठी राखीव असतो. तिथलाच वकील गाठा.

नंतर काही बदलायचं झालं तर पेनाने खाडाखोड नको. पुरवणी जोडायची, तिलाही दोन साक्षीदार लागतात, तरुणच. आणि अधूनमधून बघत जा की जुने साक्षीदार आहेत ना, धड आहेत ना. नसतील तर सरळ नवं मृत्युपत्र, नव्या साक्षीदारांसह. आईचं मी याच कारणासाठी पुन्हा करून घेतोय, मजकुरात एक अक्षर बदललेलं नाही.

मूळ प्रत कुठे आहे ते एकाला तरी सांगून ठेवा. फक्त स्वतःच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका, तो उघडायलाच कागद लागतात.

माणूस गेल्यावरचं थोडक्यात. मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर प्रती घ्या. एटीएममधून पैसे काढू नका, कार्ड हातात असलं तरी. सिम लगेच बंद करू नका, कुठे काय खातं आहे ते त्यावरच्या मेसेजमधून कळतं. पेन्शन देणाऱ्या बँकेला ताबडतोब कळवा, नाहीतर जादा जमा झालेलं परत करावं लागतं. जमिनीची वारसनोंद तीन महिन्यांच्या आत. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण मागता येतात, उद्गम पोर्टलवर नाव टाकून शोधा. गाडी, गॅस, वीजमीटर, घरपट्टी सवडीने.