लाइट गेली तरी लेहरा चालू

तबल्याच्या क्लासला रोज पेटीवाला कुठून आणायचा? म्हणून लेहरा, म्हणजे तबल्याला ताल धरून देणारी सुरांची ओळ, मी लॅपटॉपवर लावतो. तीनतालाच्या सोळा मात्रांची तीच ओळ तास-दीड तास फिरत राहते आणि तिच्यावर पोरं कायदे (तबल्याच्या बोलांच्या रचना) घोटतात. तेवढ्या वेळात स्क्रीनकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, पण बॅटरी खायला सगळ्यात पुढे तीच. पावसाळ्यात लाइट गेली की माझा विंडोज 10 चा जुना लॅपटॉप पावणेदोन तासांत मान टाकायचा. स्क्रीन बंद ठेवायला लागल्यापासून तीन तासांच्या आसपास ओढतो.

लॅपटॉप झोपवायचा नाही हं. स्लीपमध्ये गेला की लेहराही गेला. सेटिंग्ज, सिस्टम, मग पॉवर अँड स्लीप. तिथे दोन वेगळे रकाने आहेत. बॅटरीवर असताना स्क्रीन 1 मिनिटाने बंद आणि स्लीप ‘नेव्हर’, असं ठेवा. विंडोज 11 मध्ये हेच ‘पॉवर अँड बॅटरी’खाली सापडेल. क्लास संपल्यावर ‘नेव्हर’ तेवढं आठवणीने बदला, नाहीतर रात्रभर चालू राहून सकाळी बॅटरी शून्य.

मला ते एक मिनिटही जास्त वाटतं. म्हणून कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ उघडलं आणि बॅटरीच्या रकान्यात पॉवर बटणापुढे ‘टर्न ऑफ द डिस्प्ले’ निवडून सेव्ह केलं. आता बटण टिचकीसारखं दाबलं की स्क्रीन काळी. टिचकीच हं! पहिल्या दिवशी मी बटण दाबून धरलं आणि सगळा लॅपटॉपच बंद पडला. पोरं समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, तोंडाशी लटकली. काही लॅपटॉपवर हा पर्याय दिसतच नाही, त्यांनी एका मिनिटावर भागवावं.

काळा वॉलपेपर लावून फायदा होईल असं एका पालकांनी सुचवलं. ओएलईडी स्क्रीन असेल तर होतो. साध्या एलसीडीत चित्र काळं असलं तरी मागचा दिवा जळतच असतो. स्क्रीनसेव्हरचंही तेच.

एवढं करूनही स्क्रीन विझत नसेल तर लेहरा यूट्यूबवर लावलाय का बघा. समोर व्हिडिओ चालू असला की ब्राउझर स्क्रीन विझू देत नाही. मी नुसती ऑडिओ फाइल लावतो, शिवाय वायफायही बंद करता येतं.

आमच्याकडे आणखी एक भानगड होती. स्क्रीन विझायची आणि दोन आवर्तनांत परत लागायची. लॅपटॉप आणि तबला एकाच सतरंजीवर. डग्ग्यावर जोरात ‘घे’ पडला की शेजारचा माऊस हलायचा. आता माऊसचा डोंगलच काढून ठेवतो.

स्क्रीन परत लावायची तर शिफ्ट दाबा. मी स्पेसबार दाबायचो, आणि स्क्रीन लागायच्या आधी लेहरा थांबायचा.